माईक दिला, बातमी राखून ठेवली

दुष्काळी तालुक्यातल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून उद्या नळाला पाणी किती वाजता येणार, हे सांगता येतं. टँकरच्या मंजूर खेपा किती, प्रत्यक्षात आल्या किती आणि मधल्या खेपा गेल्या कुठे, हे विचारण्यासाठी त्याच केंद्रानं सरपंच आणि गावकरी यांना समोरासमोर बसवलं, तर परवाना अडचणीत येऊ शकतो. नगरपालिकेची सूचना ही माहिती आणि त्या सूचनेमागचं कारण विचारणं म्हणजे बातमी, चालू घडामोडी, झालंच तर राजकारण. पहिलीला मुभा आहे, दुसऱ्याला मनाई. केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणानं ही रेघ आखली आणि नंतरच्या एकाही सुधारणेनं ती पुसली नाही. बातम्या हव्याच असतील तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं, एवढी सवलत पुढे मिळाली. त्यामुळे गावच्या केंद्रावरून गावाला दिल्लीची बातमी ऐकू येते, गावाची येत नाही.

या एका मनाईनं सामुदायिक रेडिओची मूळ कल्पनाच लंगडी केली आहे, असं माझं ठाम मत आहे. गावातल्या माणसांनी हौसेनं, पगाराविना किंवा नाममात्र मानधनावर चालवलेल्या केंद्राचं मोल कशात असतं? ज्यांना आजवर प्रत्येकानं काहीतरी सांगितलं, तलाठ्यानं, ग्रामसेवकानं, डॉक्टरनं, पुढाऱ्यानं, शहरातल्या निवेदकानं, ती माणसं तिथे स्वतः सांगू लागतात आणि सांगता सांगता विचारू लागतात. हे विचारणं कापून टाकलं की उरते ती सरकारी योजना घरोघर पोचवणारी एक स्वस्त यंत्रणा. ती उपयोगी असेल, पण तिला समुदायाचं केंद्र म्हणणं मला जड जातं.

लहरी कुणाच्या, हा प्रश्न आपल्या देशात केव्हाच निकाली निघाला आहे. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट असोसिएशन आणि सरकारी प्रसारण यंत्रणा यांच्यात वाद पेटला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुंबईच्या वकिलीतून घडलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. त्यांच्या निकालपत्रात आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या स्वतंत्र निकालपत्रात गाभा एकच होता: लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिचा वापर नाना मतांना जागा देत सर्वांच्या हितासाठी व्हावा आणि तिचं नियमन सरकारपासून स्वायत्त असलेल्या संस्थेकडे असावं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यावर उभी असलेली मक्तेदारी त्या दिवशी खिळखिळी झाली.

पुढे काय झालं ते मात्र निकालाच्या भावनेला धरून नव्हतं. मालमत्ता जनतेची ठरली आणि पहिल्यांदा ती लिलावात निघाली. खासगी एफएम आलं, शहरोशहरी तीच चित्रपटगीतं वाजू लागली. लोकांच्या केंद्रांची मागणी करणारे १९९६ मध्ये बंगळुरूला जमले, २००० मध्ये तेलंगणातल्या पस्तापूरला जमले, ठराव करून दिल्लीला पाठवत राहिले. २००२ च्या अखेरीस दार किलकिलं झालं, तेही फक्त शिक्षणसंस्थांसाठी. त्यातून १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना अर्ज करता यावा म्हणून नोव्हेंबर २००६ उजाडावा लागला. निकालानंतर अकरा वर्षांहून अधिक काळ गेला होता.

त्या अकरा वर्षांत लोक हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे आवर्जून सांगायला हवं. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेच्या गावकऱ्यांना लहरी मिळेनात, तेव्हा त्यांनी २००३ मध्ये आपले कार्यक्रम टीव्हीच्या केबलमधून घरोघरी पोचवले. ‘नम्म ध्वनी’ या नावानं ते ओळखलं गेलं. पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं उदाहरण तर प्रत्येक धोरणकर्त्यानं पाठ करावं असं आहे. झहीराबादजवळचा हा कोरडवाहू, गरीब मुलूख आपल्या मराठवाड्याच्या वेशीपासून फार दूर नाही. तिथल्या दलित शेतमजूर बायकांच्या संघमांनी युनेस्कोच्या मदतीनं माचनूरला स्टुडिओ उभा केला. यंत्रं होती, बोलणाऱ्या बायका होत्या, परवाना नव्हता. मग त्यांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम टेपवर ध्वनिमुद्रित केले आणि त्या टेपा गावोगावच्या बैठकांत नेऊन ऐकवल्या. १५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ अखेर हवेत गेला. प्रक्षेपणाची वेळ त्यांनी संध्याकाळची ठेवली, कारण दिवसभर ऐकणारीही रानात असते आणि बोलणारीही. कोणत्या जमिनीत कोणती ज्वारी पेरायची, बियाणं घरात कसं राखायचं, कुठला पाला कुठल्या दुखण्यावर चालतो, हे ज्ञान शेतकी खात्याच्या पत्रकात नव्हतं. ते त्या बायकांकडे होतं आणि पहिल्यांदाच ते जाहीरपणे, त्यांच्याच तेलुगूत, त्यांच्याच नावानं बोललं गेलं.

आपल्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ त्याच २००८ च्या सुमाराचं. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेचं हे केंद्र माण तालुक्याच्या बोलीत बोलतं. २०१२-१३ च्या दुष्काळात याच संस्थेनं म्हसवडला जनावरांची छावणी चालवली होती. हजारो जनावरं आणि त्यांच्यामागून आलेली माणसं माळावर राहायला आलेली असताना आपल्या बोलीतलं एक केंद्र हाताशी असणं म्हणजे काय, हे ज्यानं दुष्काळ पाहिला आहे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. ओव्या, गजी नाचातली गाणी, शेळ्यांचे आजार, बँकेचं कर्ज, पोरीचं शिक्षण, सगळं एकाच आवाजात येतं. अशी केंद्रं आज देशात चारशेहून अधिक आहेत. आपल्या लोकसंख्येच्या मानानं ही संख्या फारच तोकडी आहे.

या केंद्रांची ताकद त्यांच्या लहानपणात आहे. शंभर वॅटची प्रक्षेपणशक्ती, फार तर तीस मीटरचा मनोरा, ऐकू येतं ते दहा-पंधरा किलोमीटरच्या वर्तुळात. याचा अर्थ असा की सकाळी रेडिओवर बोललेली बाई दुपारी बाजारात भेटते. ती चुकीचं बोलली असेल तर तिला तिथेच जाब विचारता येतो. एवढं कडक संपादकीय नियंत्रण कुठल्या राष्ट्रीय वाहिनीवर आहे? आणि नेमक्या याच माणसांवर बातमी सांगण्यासाठी विश्वास ठेवता येत नाही, असं सरकार म्हणतं. ज्या वाहिन्यांच्या निवेदकाला आपण जन्मात भेटणार नाही, त्यांना चोवीस तास बातम्यांची मुभा आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत एक जुना आणि जवळजवळ विसरलेला वारसा आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांमधली दीडशे गावं निवडून ‘ग्रामीण रेडिओ मंडळां’चा प्रयोग केला. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून पुण्याला धाडायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. मूळ कल्पना कॅनडातली होती, पण इथे तिला रंग आमच्या चावडीचा चढला. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांमध्ये लोकांची माहिती स्पष्टपणे वाढली होती आणि चर्चा ठरावांवर, ठराव कामांवर जाऊन पोचत होते, असं त्यांना आढळलं. पुढे हा उपक्रम देशभर नेला गेला आणि तिथेच त्याचा जीव गेला. सरकारी खात्यानं मंडळांची संख्या वाढवत नेली, पण गावाकडून येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्याची शिस्त त्या वेगानं वाढली नाही.

मला या प्रयोगात आजच्या चर्चेसाठी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. पुण्याच्या प्रयोगात श्रोत्याच्या हाती माईक नव्हता, तरी प्रश्न होता. आजच्या केंद्रांत श्रोत्याच्या हाती माईक आहे आणि प्रश्न नाही. दोन्ही एकत्र आल्याखेरीज नागरिक घडत नाही.

आता स्वयंसेवकांविषयी. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण ‘सेवाभाव’ या शब्दापाशी येऊन हात जोडतात. मला तसं करवत नाही, कारण फुकट काम करायला मोकळा वेळ लागतो आणि खेड्यात मोकळा वेळ सगळ्यांना सारखा वाटलेला नाही. निवृत्त शिक्षकाला तो असतो, बागायतदाराच्या मुलाला असतो, कॉलेजात जाणाऱ्या तरुणाला थोडाफार असतो. खुरपायला जाणारी बाई दोन तास रेडिओवर आली तर तिचा रोज बुडतो. ऊसतोड मजूर अर्धं वर्ष गावातच नसतो. म्हणजे केंद्र निव्वळ फुकटच्या श्रमावर चालवायचं ठरलं, तर ज्यांचा आवाज गावात आधीच मोठा आहे त्यांच्याच हातात माईक जाणार. समुदायाचं केंद्र असं नाव देऊन गावातली जुनीच उतरंड लहरींवर चढवली जाणार. म्हणून बुडालेला रोज भरून देणारं मानधन हा दानधर्म नाही, ती प्रतिनिधित्वाची किंमत आहे. स्वयंसेवक असावेतच, त्यांच्याशिवाय असं केंद्र कोरडं पडेल. मात्र ज्याला परवडतं त्यानं वेळ द्यावा आणि ज्याला परवडत नाही त्याला केंद्रानं पैसे द्यावेत, असा साधा नियम असावा. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी केंद्राच्या सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं म्हटलं. ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्या स्त्रिया बैठकीला येतील त्या दिवसाची मजुरी कोण देणार, याविषयी कुणी बोललं नाही.

ती मजुरी आज जाहिरातींतून काढावी लागते. तासाला पाच मिनिटांपासून सुरू झालेली जाहिरातींची मर्यादा सात मिनिटांवर आणि २०२४ मध्ये बारा मिनिटांवर गेली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ झाला. ऐकायला ही वाढ दिसते, पण दुष्काळी तालुक्यात दर तासाला बारा मिनिटांच्या जाहिराती देणारे व्यापारी आणायचे कुठून? शेवटी मोठा जाहिरातदार उरतो तो सरकारच. बातमीला मनाई करणाराही तोच, परवाना देणाराही तोच आणि पैसे देणाराही तोच. अशा स्थितीत केंद्रचालक योजनांची माहिती देत राहतो आणि योजनेतल्या गळतीविषयी गप्प बसतो, तर त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही. व्यवस्थाच तशी बांधली आहे.

पैसा उभा करण्याच्या दुसऱ्या रीती जगात रुळल्या आहेत. नेदरलँड्समध्ये नगरपालिकेच्या क्षेत्रात एक स्थानिक सार्वजनिक प्रसारण संस्था असते. रेडिओ आणि टीव्ही दोन्ही ती चालवते आणि त्यात स्वयंसेवकांचा वाटा मोठा असतो. तिथल्या माध्यम कायद्यानं अशा संस्थेला एक धोरण-मंडळ सक्तीचं केलं आहे. गावातल्या सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक प्रवाहांचे प्रतिनिधी त्यावर असावे लागतात आणि कार्यक्रमांचं धोरण ते ठरवतात. पैसा सार्वजनिक तिजोरीतून येतो, पण मजकुरावर नगरपालिकेचा हात नसतो. स्थानिक बातमी हे तर अशा संस्थेचं मुख्य काम मानलं जातं. अमेरिकेतली रीत वेगळी आहे. केबल कंपन्या शहराचे रस्ते खणून तारा टाकतात, म्हणून शहर त्यांच्याकडून उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकतं आणि नागरिकांसाठी वाहिनी राखून ठेवा असंही सांगू शकतं. कित्येक गावांत याच व्यवस्थेतून नागरिकांचे टीव्ही स्टुडिओ चालतात. शाळेच्या समितीची बैठक, नगरसभेची चर्चा, स्थलांतरितांच्या भाषेतला कार्यक्रम, सगळं त्यांवर दिसतं. सार्वजनिक जागा वापरणाऱ्या धंद्यानं सार्वजनिक आवाजासाठी भाडं द्यावं, हा त्यामागचा विचार मला फार योग्य वाटतो. आपल्याकडे खासगी एफएमच्या लिलावांतून आणि परवाना शुल्कातून सरकारनं मोठी रक्कम मिळवली. त्यातला ठरावीक हिस्सा सरकारच्या मर्जीबाहेरच्या, स्वतंत्र विश्वस्तांच्या निधीत टाकला, तर जाहिरातींची ही लाचारी संपेल.

टीव्हीच्या बाबतीत आपण रेडिओपेक्षाही मागे आहोत, कारण सामुदायिक टीव्हीला आपल्याकडे परवान्याचा मार्गच नाही. आणि तरी आरंभ आपण जगाला हेवा वाटावा असा केला होता. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या २,४०० गावांना उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला. त्या कामात आघाडीवर होते कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज इथे एक छोटं प्रक्षेपक केंद्र उभं राहिलं. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रातली माणसं कॅमेरे घेऊन गावात जात. मजुरी, अस्पृश्यता, सावकारी, दूध सोसायटीतला कारभार यांवर गावकऱ्यांना सोबत घेऊन, कधी त्यांनाच पात्रं करून कार्यक्रम बनवत आणि ते त्याच गावांना दाखवत. युनेस्कोनं या कामाचा पुरस्कार देऊन गौरव केला. पुढे १९८०च्या दशकात, देशाच्या राजधानीतून एकच कार्यक्रम सगळ्यांना दाखवण्याच्या ओढीत, पिजचं प्रक्षेपक लोकांच्या विरोधाला न जुमानता तिथून हलवलं गेलं. आपल्या माध्यमांच्या इतिहासातली ही एक अत्यंत दुःखद घटना आहे आणि तिची नोंद फारच थोड्यांनी घेतली.

आज हे पुन्हा करायला उपग्रह लागणार नाही. १९९५ च्या केबल कायद्यानुसार प्रत्येक केबलवाल्याला दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवाव्याच लागतात. म्हणजे वाहिनी राखून ठेवण्याचं तत्त्व आपल्या कायद्यात आधीच आहे. त्यात जिल्ह्यामागे एका नागरिक वाहिनीची भर घालायची आहे. केबलवाल्यांच्या स्वतःच्या लोकल वाहिन्या आहेतच की, असं कुणी म्हणेल. त्या आहेत, पण त्यांचा मालक एक असतो आणि निवडणुकीच्या दिवसांत तो कुणाचा आहे ते गावाला चांगलं कळतं.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप आजच्या तरुणांकडून येतो: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, यूट्यूब आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग शंभर वॅटच्या मनोऱ्याचं काय कौतुक? हा आक्षेप मी हलका मानत नाही. गावातल्या एखाद्या तरुणाच्या यूट्यूब वाहिनीनं तालुक्याच्या वर्तमानपत्रानं दडपलेला प्रकार बाहेर काढल्याची उदाहरणं आपल्याभोवती आहेत. पण यूट्यूबवर काय वर येईल हे गाव ठरवत नाही. ते ठरवणारी यंत्रणा परदेशातली आहे आणि तिला दिसतं ते फक्त कोण किती वेळ बघत बसतं. तिथे टँकरच्या खेपांपेक्षा भांडण जास्त चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा कुणी सुरू केली हे शेवटपर्यंत कळत नाही. केंद्रात याउलट एक समिती असते, बोलणाऱ्याचं नाव असतं आणि प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचं बंधन असतं. शिवाय रेडिओ ऐकायला डेटा पॅक लागत नाही, वाचता यावं लागत नाही आणि हात कामात असताना तो ऐकता येतो. भाकऱ्या थापणाऱ्या, खुरपणाऱ्या, धार काढणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. आणि विसंगती पाहा: तोच तरुण तीच टँकरची बातमी यूट्यूबवर खुशाल देऊ शकतो. मनाई आहे ती फक्त जबाबदार समिती असलेल्या, नोंदणीकृत, ध्वनिमुद्रण जपणाऱ्या केंद्राला.

दुसरा आक्षेप सरकारचा, सुरक्षेचा. लहान केंद्रांवर लक्ष ठेवता येत नाही, फुटीर शक्ती त्यांचा ताबा घेतील, गावात तंटे पेटतील. या भीतीला नेपाळनं उत्तर दिलं आहे. काठमांडूचं रेडिओ सगरमाथा १९९७ मध्ये सुरू झालं आणि दक्षिण आशियातलं पहिलं स्वतंत्र सामुदायिक केंद्र ठरलं. पुढच्या काही वर्षांत डोंगराळ जिल्ह्यांतून अशी केंद्रं उभी राहिली आणि स्थानिक बातमी हा त्यांचा कणा होता. तेही माओवादी संघर्ष ऐन भरात असताना, आपल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा बिकट परिस्थितीत. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली तेव्हा सैनिक स्टुडिओंत शिरले आणि एफएमवर बातम्यांना बंदी आली. फक्त गाणी वाजवायची. तेव्हा कुणी भर रस्त्यात लाऊडस्पीकर लावून बातम्या वाचल्या, कुणी त्या गाऊन सांगितल्या. ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन बातम्यांची वाट मोकळी केली. नोव्हेंबरमध्ये बीबीसीच्या नेपाळी सेवेवरची माओवादी नेत्याची मुलाखत ऐकवली म्हणून पोलिसांनी सगरमाथावर छापा घातला, तरी ते पुन्हा सुरू झालं. एप्रिल २००६ मध्ये राजाला माघार घ्यावी लागली. नेपाळमध्ये राज्य मोडलं ते गावच्या केंद्रांमुळे, असा दावा मी करणार नाही. पण गावच्या बातम्यांनी देश फुटतो हा दावा मात्र तिथे साफ खोटा ठरला. राजानं बंदी घातलेली गोष्ट आमच्याकडे लोकशाही सरकारनं वीस वर्षं बंद ठेवली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धोरण बदलायला दिल्ली वेळ लावणार. तोवर महाराष्ट्रातल्या केंद्रांनी एक गोष्ट एकत्र येऊन करावी. आपल्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा, तिचं इतिवृत्त सार्वजनिक. तिथे टँकरचाही हिशेब निघतो आणि घरकुलांच्या यादीचाही. वृद्ध, आजारी, कामाला गेलेल्या आणि पुरुषांच्या गर्दीत बोलायला कचरणाऱ्या बायका सभेला येत नाहीत. त्यांच्यापर्यंत ती सभा थेट पोचवायची परवानगी प्रत्येक केंद्रानं माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लेखी मागावी, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा. कायद्यानं भरवलेली सभा ही बातमी की माहिती, हे मग मंत्रालयाला कागदावर लिहून द्यावं लागेल.